इंदूर गाठेल का?

बऱ्हाणपुरात कुणी विजेवरची मोटार घेतली की लोक आधी किंमत विचारत नाहीत, "इंदूर गाठेल का?" असं विचारतात. प्रश्न अगदी रास्त आहे. मोठं हॉस्पिटल, मुलांचं कॉलेज, लग्नाचा बस्ता, सगळ्यासाठी इंदूर. ते जवळपास १८० किलोमीटरवर. दुसऱ्या अंगाला भुसावळ-जळगाव, तेही शंभराच्या आतबाहेर. एवढ्या पल्ल्यात गाडीने दगा दिला तर मदतीला कोण येणार?

उत्तर बॅटरीवर अवलंबून आहे. बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासांत सांगतात. म्हणजे आपल्या वीजबिलातलंच युनिट, त्यात गूढ काही नाही. टाटा नेक्सॉनच्या ४५ युनिटांच्या गाडीचा कागदावरचा पल्ला ४८९ किलोमीटर, पण कंपनी स्वतःच प्रत्यक्षातला आकडा ३५० ते ३७० सांगते. टियागोसारख्या २४ युनिटांच्या छोट्या गाडीचा कागदी पल्ला तीनशेच्या घरात, रस्त्यावरचा दोनशेच्या आसपास. तेव्हा मोठी गाडी इंदूर आरामात गाठते. छोटीने सनावद-बडवाहच्या टप्प्यात एकदा थांबायची तयारी ठेवावी. कागदावरचा आकडा लबाडीचा नसतो. तो प्रयोगशाळेतल्या रोलरवर, ठरावीक वेगाने, एसी बंद ठेवून काढलेला असतो. पेट्रोल गाडीचं जाहिरातीतलं मायलेज तरी कुणाला मिळालं आहे?

मग पुढची शंका घाटाची. मोरटक्क्याला नर्मदा ओलांडली, बडवाह मागे पडलं की रस्ता भेरूघाट चढून माळव्याच्या पठारावर जातो. "चढावर बॅटरी निम्मी होते," असं छातीठोक सांगणारे भेटतात. शाळेतलं सूत्र लावून बघा. नर्मदेच्या खोऱ्यातून इंदूरपर्यंतची चढण पावणेचारशे ते चारशे मीटरची. माणसांसकट दीड टनाची गाडी तेवढी उचलायला जेमतेम १.६ युनिट ऊर्जा लागते. चाकं फिरवणाऱ्या विजेच्या मोटारीतली गळती धरून दोन युनिट म्हणा. म्हणजे सपाटीवरच्या चौदा-पंधरा किलोमीटरांचा खर्च. परतताना उतारावर तीच मोटार जनरेटरचं काम करते आणि त्यातला बराचसा भाग बॅटरीत परत येतो. एक बारकावा मात्र आहे: घाट उतरण्याच्या तोंडावर बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते. मग सगळा भार पायातल्या ब्रेकवर येतो. इंदूरहून निघताना थोडी जागा ठेवलेली बरी.

आणि ट्रक आडवा होऊन घाट दोन तास बंद पडला तर? गाडी थांबली की चाकांसाठी वीज खर्च होत नाही. चालतो फक्त एसी, तो तासाला एक-दीड युनिट घेतो. दोन तासांत तीन युनिट गेले तर वीस किलोमीटर कमी झाले. पेट्रोलवाला तेवढा वेळ इंजिन चालू ठेवून बसतो तेव्हा त्याचंही तेल जळतच असतं.

पल्ला खरा खातो तो वेग. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ऐंशीने जाणारा आणि एकशे दहाने जाणारा यांच्या हिशेबात घाटापेक्षा कितीतरी मोठा फरक पडतो. पण पायाखालच्या पॅडलला दोष कोण देणार!

आपल्याकडचा मे महिना हा वेगळा विषय. तापीकाठी पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा बॅटरी फुटेल अशी भीती वाटणं समजण्यासारखं आहे. आजच्या बहुतेक मोटारींच्या बॅटरीभोवती थंड द्रव फिरवण्याची सोय असते. बऱ्याच गाड्यांत लिथियम-आयर्न-फॉस्फेट जातीचे सेल असतात, ते उष्णतेला तुलनेने चिवट. आगीच्या ज्या घटना २०२२ साली गाजल्या त्या मुख्यतः स्कूटरच्या होत्या, आणि त्यानंतर केंद्राने स्कूटर-मोटार दोन्हींच्या बॅटरी-सुरक्षेचे नियम कडक केले. एसीचा पल्ल्यावर परिणाम होतो, पण लोकांना वाटतो तिथे नाही. हायवेवर ऐंशीच्या वेगात गाडीच तासाला दहा-अकरा युनिट घेते, त्यात एसीचं एक युनिट लपून जातं. शहरातल्या शनवाऱ्याच्या गर्दीत मुंगीच्या पावलाने जाताना गाडीचाच खर्च दोन युनिटांचा, तिथे एसीचा वाटा डोळ्यांत भरतो. उन्हात तापलेली गाडी आल्या आल्या चार्जिंगला लावू नका. सावलीत अर्धा तास निवू द्या, सेलचं आयुष्य वाढतं.

बॅटरी पाच वर्षांत बाद होते, ही आणखी एक समजूत. मोबाइलवरून बांधलेला अंदाज आहे हा. मोटारींच्या बॅटरीला बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरांची हमी देतात. गंमत म्हणजे "गाडी एकदम मेली" म्हणून येणाऱ्या तक्रारींत दोष पुष्कळदा दुसऱ्याच बॅटरीचा निघतो, बारा व्होल्टच्या साध्या, छोट्या बॅटरीचा. दरवाजे, पडदा, कंट्रोल सगळं तिच्यावर चालतं. ती बसली की मोठ्या बॅटरीत ऐंशी टक्के वीज असूनही गाडी जागची हलत नाही. आणि ओढून न्यायची वेळ आलीच तर दोर बांधून ओढू नका. चाकं फिरली की मोटारही फिरते आणि उतारावरच्यासारखी वीज बनवू लागते. सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी.

आता दुसऱ्या बाजूच्या भक्तांचा गैरसमज. "शून्य प्रदूषण" हे शब्द गाडीच्या काचेवर शोभतात, पण वीज येते कुठून? आपल्या शेजारी खंडवा जिल्ह्यात २,५२० मेगावॅटचं सिंगाजी औष्णिक केंद्र, दुसरीकडे भुसावळचं दीपनगर. दोन्ही कोळशावरची. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सरासरी ०.७३ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. तारांतली आणि चार्जिंगमधली गळती धरून विजेच्या गाडीचा हिशेब किलोमीटरला १३० ग्रॅमच्या आसपास येतो. लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीच्या नळीतूनच १५० ग्रॅम बाहेर पडतो, तेल शुद्ध करण्याचा खर्च निराळा. फरक आहे, पण आज तरी तो फार मोठा नाही. इंदिरासागरची जलवीज आणि ओंकारेश्वरच्या जलाशयावर तरंगणारी सौर पॅनेलं यांचा वाटा जसा वाढेल तसा तीच गाडी, काहीही न बदलता, अधिक स्वच्छ होत जाईल. गल्लीत धूर मात्र आजच बंद होतो.

पैशांचा हिशेब सोपा आहे. युनिटला सात किलोमीटर, घरची वीज आठ रुपये आणि चार्जिंगमधली गळती धरली तर हजार किलोमीटरांना साडेबाराशे रुपये. पेट्रोल १०६ रुपये धरलं तर सात हजार. रस्त्यावरच्या जलद चार्जरवर युनिटला वीस रुपये द्यावे लागले तर हाच खर्च तीन हजारांच्या वर जातो. "चार्जिंग फुकटात" म्हणणाऱ्याने कुठे चार्ज करतोस हेही सांगावं. आणि महिन्याला तीन-चारशे किलोमीटरच फिरणाऱ्याने गाडीची जादा किंमत किती वर्षांत वसूल होते ते आधी पाहावं. बहुधा तो निराश होईल.

खरी मेख घरातल्या वायरिंगची आहे, आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही. साध्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर गाडी सुमारे ३.३ किलोवॅट घेते. पॉवरलूमवाल्यांना सांगायचं तर एकेक हॉर्सपॉवरच्या मोटारीचे चार-साडेचार माग रात्रभर न थांबता चालवण्यासारखं. जुन्या सॉकेटला हे झेपत नाही. गीझर पंधरा मिनिटं चालतो, गाडी आठ-आठ तास. सैल स्क्रू, बारीक वायर तापते, सॉकेट वितळतं आणि बदनाम होते गाडी. मीटरपासून स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी, विजेची गळती पकडणारा आरसीसीबी, एवढं तरी हवंच. ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर ३२ अँपिअर घेतो. त्याला वायर सहाची लागते आणि मंजूर भारही वाढवून घ्यावा लागतो. बाकी घरच्या जोडणीवर स्वतःची गाडी चार्ज करायला केंद्राच्या नियमांनी मुभा आहे.

त्याहून मोठी गोष्ट अर्थिंग. विजेची गाडी या बाबतीत हट्टी असते: अर्थिंग सापडलं नाही की लाल दिवा लावून वीज घ्यायला नकारच देते. आपल्याकडे कित्येक घरांत तिसऱ्या भोकाची तार भिंतीतच संपलेली असते. खड्डा केलेला असला तरी उन्हाळ्यात काळी माती भेगाळून कोरडी पडते आणि हिवाळ्यात नीट चालणारं चार्जिंग मे महिन्यात अडकतं. कोळसा-मीठ घातलेल्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतल्यावर "बिघडलेला" चार्जर सुरू होतो, यात चमत्कार काही नाही. इन्व्हर्टरवर गाडी चार्ज होत नाही त्यामागेही हे एक कारण असू शकतं. वीज जाऊन आली की बॅटरी खराब होते, हे खोटं. चार्जिंग थांबतं आणि सहसा आपोआप पुन्हा सुरू होतं.

लालबागकडे अंगण असलेल्यांना हे सगळं एका इलेक्ट्रिशियनच्या दिवसभराच्या कामात जमतं. परकोटाच्या आत, इतवारा-शिकारपुऱ्याच्या बोळांत, घर एकीकडे आणि गाडी भलतीकडेच उभी राहते. तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडणं हा उपाय नव्हे. अशांनी तूर्त ही गाडी घेऊ नये असं माझं मत आहे. निव्वळ जलद चार्जरच्या भरवशावर राहिलं की बचत घटते आणि ॲपवर हिरवा दिसणारा चार्जर जागेवर बंद सापडतो, ते वेगळंच. वाट एक आहे. चार्जिंग स्टेशन चालवायला २०१८पासून वीजविक्रीचा परवाना लागत नाही. ज्याच्याकडे रस्त्यालगत रिकामी शेड आहे त्याने वीज कंपनीकडून चार्जिंगसाठीच्या दराचं वेगळं मीटर घेतलं, तर शेजारच्या दहा गाड्या रात्री तिथे उभ्या राहू शकतात. मागाच्या मीटरवरून मात्र तार ओढू नये. तो दर मागासाठी असतो, आणि तपासणीत ते सापडतं.