एका द्राक्षाच्या चार चवी

वेतन, बोनस आणि तडजोडी यांवर बोलण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या आम्ही वसंत व्याख्यानमालेत वाइनच्या चवीवर बोलावे, हे पाहून काही श्रोत्यांच्या भुवया वर गेल्या असतील. ते स्वाभाविक आहे. हातभट्टीपायी पगाराच्या रात्रीच रिकामे झालेले खिसे आणि त्यांच्या मागची घरे आम्ही जवळून पाहिली आहेत. तेव्हा दारूचे वकीलपत्र आम्ही घेऊ, अशी धास्ती कोणी बाळगू नये. धंद्याने वाइन पारखणारा माणूस दिवसाकाठी कितीतरी नमुने तोंडात घेतो आणि प्रत्येक घोट थुंकून टाकतो. त्याला लागते ते नाक, जीभ आणि स्मरण. ही एक विद्या आहे आणि तिच्याभोवती अवघड शब्दांचे कुंपण घातलेले आहे. कुंपण दिसले की पलीकडे डोकावण्याची आम्हांला जुनी खोड.

रीसलिंग हे मूळचे जर्मनीतील पांढरे द्राक्ष. आपल्याकडे कोणी रायझलिंगही म्हणतात. ऱ्हाइनच्या परिसरात १४३५ सालच्या एका सरदारघराण्याच्या हिशेबात या वेलींच्या खरेदीची नोंद आहे. तुलनेसाठी हेच द्राक्ष घेण्याचे कारण असे की, याची वाइन सहसा नव्या ओकच्या पिंपात मुरवत नाहीत आणि तिच्यात दुसऱ्या द्राक्षाची भेसळही क्वचितच करतात. त्यामुळे चार ठिकाणच्या चार बाटल्या शेजारी ठेवल्या की जो फरक जाणवतो, तो हवेचा, उताराचा आणि करणाऱ्याच्या हाताचा.

कैरीचे पन्हे ज्याने केले आहे त्याला यातले अर्धे शास्त्र ठाऊक असते. नुसती कैरी दात आंबवते, नुसता गूळ तोंडाला मिठी मारतो. दोन्हींचा मेळ बसला की पन्हे जमले. रीसलिंगमध्ये आंबटपणा उपजतच भरपूर असतो. द्राक्षरसातील साखर यीस्ट खाते आणि तिचे मद्यार्क करते. लीटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर खर्ची पडली की एक टक्का मद्यार्क तयार होतो. सगळी साखर संपली तर वाइन कोरडी, म्हणजे गोडीविना राहते. मध्येच थंडावा देऊन यीस्टचे काम थांबवले तर उरलेली साखर जिभेला लागते. म्हणून बाटलीवरचे परदेशी शब्द कळले नाहीत तरी टक्केवारीचा आकडा वाचावा. रीसलिंगच्या बाटलीवर ८ टक्के असेल तर आत बहुधा गोडी आहे. १२ किंवा १३ असेल तर ती बहुधा कोरडी.

कामगार प्रतिनिधींबरोबर जर्मनीत ट्रिअर येथे जाण्याचा योग आला, तेव्हा आम्ही असे चार पेले एका ओळीत मांडून पाहिले. क्रम महत्त्वाचा आहे. कोरड्या वाइन आधी, गोड शेवटी. नाही तर गोडीनंतर कोरडी वाइन उगाच आंबटढाण वाटते. पेले सारखे आणि थंडावा सारखा, साधारण ८ ते १० अंश. आधी हुंगावे, मग घोट जिभेवर फिरवावा आणि थुंकल्यावर गालांच्या आतून किती वेळ पाणी सुटते ते पाहावे. आंबटपणाची याहून सोपी मोजपट्टी नाही.

पहिला पेला दक्षिण ऑस्ट्रेलियातील क्लेअर व्हॅलीचा. दिवसा कडक ऊन, रात्री गारवा. हिचा वास थेट कापलेल्या लिंबाचा, चव कोरडीठाक. आणि मागून येतो तो, दचकू नये, रॉकेलचा! हा दोष समजून पेला बाजूला सारणारे पुष्कळ. उन्हात पोसलेल्या द्राक्षांत, गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याच्या जातीची द्रव्ये असतात. त्यांच्या विघटनातून पुढे बाटलीत हा वास उमलतो. जुन्या जर्मन रीसलिंगलाही तो येतो, पण उन्हाच्या देशात लवकर येतो. थोडा असला तर आम्हांला आवडला. फार झाला की स्टोव्हची आठवण होते.

दुसरा पेला फ्रान्समधील आल्सासचा. व्होझ पर्वत पश्चिमेचा पाऊस अडवतो, म्हणून येथे शरद ऋतू कोरडा आणि द्राक्ष निवांत पिकते. ही वाइन अंगाने भरलेली, पिकल्या फळाची. तिसरा ऑस्ट्रियातील वाखाऊचा, डॅन्यूबकाठच्या दगडी पायऱ्यांवरचा. तेथील सर्वांत जोरकस प्रकाराला मळ्यात ऊन खात बसणाऱ्या हिरव्या सरड्याचे नाव दिले आहे. चव मात्र ताठ आणि गंभीर.

चौथा मोझेल नदीचा, हलका, गोडसर आणि तरीही तरतरीत. गोड म्हणजे हलक्या प्रतीची, हा समज या पेल्यापुढे टिकत नाही. गोडीच्या पाठीशी आंबटपणा असा उभा असतो की घोट संपल्यावर तोंड स्वच्छ होते. मळ्यातल्या पाटीच्या दगडाची चव वाइनमध्ये उतरते, असे विक्रेते सांगतात. आम्हांला ते पटत नाही. दगड काही रसात विरघळून चव देत नाही. तो दिवसाचे ऊन साठवतो आणि रात्री वेलीला परत देतो. एवढ्या उत्तरेच्या थंडीत द्राक्ष पिकायला तेवढा आधार मोठा.

मोझेलच्या या पेल्यापाशी आम्ही अधिक रेंगाळलो, त्याला दुसरेही कारण आहे. ट्रिअर हे मार्क्सचे जन्मगाव, आणि त्याच्या वडिलांचे द्राक्षमळे या भागात होते. १८३४ साली जर्मन राज्यांचा जकात-संघ झाला, दक्षिणेकडील वाइन प्रशियात निर्वेध येऊ लागली आणि मोझेलचा शेतकरी बुडाला. जानेवारी १८४३ मध्ये मार्क्सने कोलोनच्या 'ऱ्हाइनिश त्साइटुंग'मध्ये त्यांची दैना मांडली. दोष एकेका अधिकाऱ्याचा नाही, एकूण व्यवस्थेच्या घडणीचा आहे, असा त्याचा रोख होता. मार्चअखेर ते पत्र सरकारने बंद पाडले. आपण अर्थशास्त्राकडे वळलो ते ज्या प्रश्नांमुळे, त्यांत मोझेलचे शेतकरी होते, असे त्याने पुढे १८५९ साली लिहिले. १९२६ च्या फेब्रुवारीत तर बेर्नकास्टेलचे द्राक्षकरी थेट करकचेरीवर चालून गेले. वाइनवरचा तो कर त्याच वर्षी रद्द झाला.

चव सांगणाऱ्या पुस्तकांत सफरचंद, पीच, मध, फुले सगळे येते. उतारावर चढणारा माणूस फारसा येत नाही. ब्रेम गावाजवळच्या काल्मोंटचा उतार जागोजागी ६० अंशांच्या वर आहे. तेथे ट्रॅक्टर चालत नाही. एकेरी रुळावरच्या लहान गाडीतून माणसे आणि करंड्या वर-खाली होतात. छाटणी, बांधणी, खुडणी हातानेच. सपाट मळ्यात यंत्राने जे काम उरकते, त्याला येथे कित्येक पट तास लागतात. तोडणीला पुष्कळदा पोलंड-रुमानियाचे हंगामी मजूर येतात. बाटलीची किंमत मात्र ते तास मोजून ठरत नाही, म्हणून मोझेलच्या सर्वांत उभ्या पायऱ्यांपैकी पुष्कळ आज पडीक आहेत. वेलींच्या जागी झुडपे माजली आहेत आणि दगडी बांध ढासळत आहेत.