घरी यंत्र आणावे की वजने?

हल्ली घरात व्यायामाचे यंत्र असणे ही हौसेची आणि थोडी प्रतिष्ठेचीही बाब झाली आहे. तालुक्याच्या गावातसुद्धा खेळाच्या सामानाच्या दुकानात लोखंडी सांगाडा, त्यात एकावर एक रचलेली वजने, तारा आणि कप्प्या असे ‘मल्टिजिम’ मांडलेले दिसते. शेजारच्या कोपऱ्यात डंबेल्स, एक लोखंडी दांडा आणि गोल चकत्या पडलेल्या असतात. “डॉक्टर, यातले काय घेऊ?” हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. विचारणारे बहुधा चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले असतात. प्रश्न पैशाचा वाटतो; पण त्यामागे म्हातारपणी आपण स्वतःच्या पायावर उभे राहणार की नाही, हा खरा प्रश्न आहे.

तिशीनंतर दर दहा वर्षांत आपल्या स्नायूंचा साधारण ३ ते ८ टक्के भाग झिजतो. साठीनंतर ही झीज आणखी वेगाने होते. ती दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही. मग एके दिवशी पाटावरून उठताना जमिनीला हात टेकावा लागतो, एस.टी.ची पायरी चढताना दांड्याला लोंबकळावे लागते. पुढे न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि चालता-बोलता माणूस अंथरुणाला खिळतो.

यावर औषधाची गोळी नाही, पण उपाय आहे. १९९० साली अमेरिकेतील बोस्टन येथे वृद्धाश्रमातील सरासरी नव्वद वर्षे वयाच्या दहा अशक्त व्यक्तींकडून आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेण्यात आला. ज्या नऊ जणांनी तो पूर्ण केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली. नव्वदीत हे घडते, तर पन्नाशीत “आता काय उपयोग?” असे म्हणायला जागा उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, असे सांगितले आहे. नुसते फिरायला जाणे हृदयासाठी उत्तम. पण स्नायूंची झीज थांबवायला ते पुरत नाही.

आता यंत्र आणि मोकळी वजने यांतला फरक पाहू. यंत्रात वजनाचा मार्ग ठरलेला असतो. बैठकीवर बसायचे, दांडा धरायचा आणि ढकलायचा किंवा ओढायचा. वजन डावीकडे-उजवीकडे जाऊ शकत नाही, म्हणून नवख्याला ते सोपे वाटते. मोकळ्या वजनाला असा रूळ नसतो. डंबेल डोक्यावर नेताना दंडाबरोबरच खांदा, पाठ, पोट आणि पाय या सर्वांना तोल सांभाळावा लागतो. रोजच्या जीवनात गहू-ज्वारीचे पोते, पाण्याची घागर किंवा नातवंड उचलताना आपल्याला कोणताच रूळ मिळत नाही. आपल्या जुन्या तालमीतले मुद्गल आणि करेला ही मोकळी वजनेच होती.

मग मोकळ्या वजनांनी स्नायू जास्त वाढतात का? तसे नाही. दोन्हींची तुलना करणाऱ्या तेरा प्रयोगांचा एकत्रित आढावा २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्नायूंच्या वाढीत लक्षणीय फरक आढळला नाही. ताकदीचा नियम मात्र साधा निघाला: ज्या साधनावर सराव करावा, त्या साधनावर ताकद अधिक वाढते. म्हणजे स्नायूला लोखंड कोणत्या आकाराचे आहे हे कळत नाही. त्याला फक्त ओझे कळते.

असे असेल तर निवड करताना घराचा आणि खिशाचा विचार करणे रास्त ठरते. घरगुती मल्टिजिमच्या काही अडचणी मी रुग्णांना नेहमी सांगतो. पहिली मापाची. पाय सरळ करण्याच्या व्यायामात यंत्राची खीळ आणि आपला गुडघा एका रेषेत यायला हवेत. पावणेसहा फुटी माणसाला बसणारे यंत्र पाच फुटी गृहिणीला बसत नाही, आणि स्वस्त यंत्रात ते पुरेसे मागेपुढे करता येत नाही. दुसरी अडचण वजनाची. एकेक पट्टी पाच किलोची असेल, तर दहावरून एकदम पंधरावर जावे लागते. नवख्याला ही उडी मोठी होते. शिवाय कप्प्यांच्या रचनेमुळे पट्टीवर वीस किलो लिहिलेले असले तरी हाताला दहाच किलोचे ओढ जाणवू शकते. तिसरी निगेची. पावसाळ्यात सळ्यांना गंज चढतो, तार झिजते, आणि लहान मुले पट्ट्यांमध्ये बोटे घालतात. चौथी जागेची. बदलीची नोकरी असेल तर हा सांगाडा कुठे कुठे नेणार? हप्त्यावर यंत्र आणून त्यावर टॉवेल वाळत घालायचे, म्हणजे ऋण काढून सण करण्यासारखे आहे.

यंत्र निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. पक्षाघातानंतर तोल जाणारा रुग्ण, शस्त्रक्रियेनंतर एकाच स्नायूला व्यायाम हवा असलेला रुग्ण यांना देखरेखीखाली यंत्र फार उपयोगी पडते. गावात चांगली व्यायामशाळा आणि जाणता शिक्षक असेल, तर तिथली यंत्रे जरूर वापरावीत. पण घरासाठी एकच वस्तू घ्यायची असेल, तर माझे मत डंबेल्सच्या बाजूने आहे. चकत्या बदलता येतील अशी एक जोडी आणि एक न डगमगणारी खुर्ची एवढ्यावर सर्व कुटुंबाचे काम भागते. सव्वा किलोच्या चकत्या असल्या की वजन हळूहळू वाढवता येते.

सुरुवात अशी करावी. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस विश्रांती. उदाहरणार्थ सोमवार आणि गुरुवार. आधी पाच मिनिटे हातपाय हलवून अंग गरम करावे. मग पाच प्रकार करावेत: खुर्चीवर बसणे आणि हात न टेकता उठणे, पाठ सरळ ठेवून, कमरेत वाकून जमिनीवरचे वजन उचलणे, भिंतीला हात लावून जोर काढणे, एक हात खुर्चीवर टेकून दुसऱ्या हाताने डंबेल कमरेपर्यंत ओढणे, आणि दोन्ही हातांत वजन घेऊन घरातल्या घरात चालणे. चालणे मिनिटभर पुरे. बाकीचे प्रत्येकी आठ ते बारा वेळा करून दोन मिनिटे थांबावे आणि पुन्हा एकदा करावे. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत, पण अंग वाकडे होता कामा नये. बारा वेळा सहज जमू लागले की वजन थोडे वाढवावे. डंबेल्स घेण्याआधी महिनाभर पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्यांवर सराव करावा. महिनाभर नेम टिकला, तरच दुकानात जावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट श्वासाची. वजन उचलताना श्वास सोडावा, खाली आणताना घ्यावा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब भयंकर चढतो. १९८५ साली कॅनडात शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून रक्तदाब मोजला गेला. दोन्ही पायांनी जास्तीत जास्त वजन ढकलताना तो सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला होता! निरोगी तरुणाला हे क्षणभर सोसते. न आवरलेला रक्तदाब असणाऱ्याला सोसेलच असे नाही. यंत्रावर बसले म्हणून हा धोका टळत नाही.

हृदयविकार, रक्तदाब, हर्निया, डोळ्यांच्या पडद्याचा विकार किंवा ठिसूळ हाडे असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा. छातीत दुखले, चक्कर आली किंवा सांध्यात तीव्र कळ आली, तर तत्काळ थांबावे. दुसऱ्या दिवशी अंग थोडे ठणकणे स्वाभाविक आहे. त्याला घाबरू नये. आणि घरी एकट्याने पाठीवर झोपून छातीवर जड दांडा कधीही घेऊ नये. हात थकले आणि तो मानेवर आला, तर उचलायला कोणी नसते.

शेवटी एक सूचना. घरातल्या आई-आजीला या व्यायामातून वगळू नका. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने विरळ होतात, आणि ओझे पेलणाऱ्या व्यायामाची खरी गरज त्यांनाच असते. आज संध्याकाळी घरातील प्रत्येकाला खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठून बसायला सांगा. ज्याला जमणार नाही, त्याचा व्यायाम उद्यापासून सुरू करा.