तुटणारा तारा

डिसेंबरच्या १३-१४ तारखेला रनाळ्याच्या शिवारात रात्री गव्हाला पाणी देताना वर पाहा. पुष्कळ तारे तुटताना दिसतील. तारा तुटला की कुणी तरी गेले, असे लोक म्हणतात. आम्ही सांगतो, भिऊ नका. तो तारा नव्हेच. ती उल्का, बहुधा वाळूच्या खड्याएवढी. हवेत जोराने घुसते, तापते, जळते. जमिनीपासून सुमारे ९० किलोमीटरवर तिची रेघ उमटते.

तिथली हवा फार विरळ, तरी ती हलते. खाली वारा डोंगरावर आदळतो, ढग उसळतात. त्यांच्या लाटा तिथवर चढतात. त्या डोळ्यांना कशा दिसणार? पण चुलीच्या धुरासारखी उल्केची रेघ वाऱ्यासंगे वाहते. रडार नावाचे यंत्र रेडिओच्या लहरी वर सोडते. रेघेवर आपटून त्या परततात, अन् वाऱ्याचा वेग कळतो. तो कमीजास्त होतो, त्यावरून लाट ओळखतात. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारातील रडारने अशा लाटा मोजल्या आहेत. हे काम दिवसाही चालते.