क्वार्टरची किल्ली परत, पण तास सुरूच!

दिल्लीत सरोजिनी नगर म्हटले की बहुतेकांना आठवते ते स्वस्त कपड्यांचे गजबजलेले मार्केट. महाराष्ट्रातून दिल्ली पाहायला आलेली मंडळीही लाल किल्ला, कुतुबमिनार झाला की एक संध्याकाळ या मार्केटसाठी राखून ठेवतात. पण ही वसाहत मुळात बाजारासाठी वसलेली नाही. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी येथे घरे बांधली गेली. तेव्हा हिचे नाव होते विनय नगर. पुढे सरोजिनी नायडूंचे नाव मिळाले. आजूबाजूला लक्ष्मीबाई नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर अशा तशाच सरकारी वसाहती.

अशा वसाहतीत निवृत्तीचा अर्थ फार रोखठोक असतो. कार्यालयात हार घातला जातो, शाल-श्रीफळ मिळते, आणि काही महिन्यांच्या मुदतीत क्वार्टर रिकामे करून किल्ली परत करावी लागते. ज्या अंगणात मुले लहानाची मोठी झाली, ते अंगण दुसऱ्याचे होते. आता तर ती अंगणेही उरलेली नाहीत. जुन्या वसाहतींच्या पुनर्विकासाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये मंजुरी दिली आणि बैठ्या घरांच्या जागी उंच इमारती आल्या.

सरोजिनी नगरहून मेट्रोने निघाले की तिसरे स्थानक लागते दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस. या दुर्गाबाईंचे पती चिंतामणराव देशमुख म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. अर्थमंत्रिपदानंतर, १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. हे विद्यापीठ आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, म्हणजेच जेएनयू, येथील प्राध्यापकांनाही आवारातील घराची किल्ली एक दिवस परत करावीच लागते. केंद्रीय विद्यापीठात हा दिवस पासष्टाव्या वर्षी येतो.

पण ज्याने आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवले, त्याने परत करायचे काय काय? खोली परत करता येते, खुर्ची परत करता येते. वर्गात जे सांगितले त्याची जबाबदारी कोणाकडे सोपवायची?

शिकवलेले पुस्तकच बदलते

गणिताच्या प्राध्यापकाला निवृत्तीनंतर पायथागोरसचा सिद्धान्त बदलल्याची बातमी वाचावी लागत नाही. राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाचे तसे नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे सोव्हिएत राज्यघटना शिकवली, त्यांना १९९१ मध्ये तो देशच नकाशावरून गेलेला पाहावा लागला. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायती आणि नगरपालिकांचे प्रकरण नव्याने लिहावे लागले. २०१९ मध्ये कलम ३७० वरील धडा बदलला. सकाळचा पेपर उघडावा आणि आपल्याच नोट्सवर काट मारावी, अशी ही विद्या. त्यामुळे या विषयाचा माणूस खऱ्या अर्थाने रजेवर जाऊच शकत नाही.

हजार पानांचे उत्तर

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे दिल्ली विद्यापीठातील प्रा. रणधीर सिंह. जन्म १९२२ चा. तरुणपणी स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेला, पंजाबीत कविता केलेल्या, मार्क्सवादी विचारांचा हा माणूस राजकीय सिद्धान्त शिकवू लागला, की दुसऱ्या विषयांचे विद्यार्थीही वर्गात येऊन बसत. त्यांची मते न पटणारेही त्यांचा तास चुकवत नसत.

१९८७ मध्ये ते निवृत्त झाले आणि चारच वर्षांत सोव्हिएत संघ कोसळला. ज्या विचारावर आयुष्य उभे केले, त्याच्यावर जगाने जणू फुली मारली. अशा वेळी दोन वाटा सोप्या असतात. एक, ‘आम्ही चुकलो’ म्हणून हात झटकणे. दुसरी, काही घडलेच नाही असे समजून जुनेच बोलत राहणे. रणधीर सिंहांनी तिसरी, कष्टाची वाट धरली. काय चुकले आणि काय अजून खरे आहे, याचा हिशेब ते मांडत बसले. ‘क्रायसिस ऑफ सोशॅलिझम’ हा त्यांचा हजारहून अधिक पानांचा ग्रंथ २००६ मध्ये आला, तेव्हा ते ८४ वर्षांचे होते. त्यांचे निष्कर्ष अनेकांना मान्य नाहीत. पण विद्यार्थ्यांना एके काळी जे सांगितले, त्याचे उत्तर आपणच द्यायचे आहे, ही जाणीव मतभेदापलीकडची आहे. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले.

चीनच्या अभ्यासातून फुल्यांकडे

दिल्लीतील मराठी माणसाला यापेक्षा जवळचे नाव म्हणजे गो. पु. देशपांडे. महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो नाटककार म्हणून. ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ हे त्यांचे नाटक १९७४ चे. डॉ. श्रीराम लागूंनी ते रंगभूमीवर आणले. त्यातला नायकही प्राध्यापकच. आपल्या राजकीय विचारांबद्दल चौकशी समितीपुढे बसलेला. मात्र गो. पुं.ची रोजची भाकरी नाटकाची नव्हती. जेएनयूच्या आंतरराष्ट्रीय अभ्यास विभागात ते चीनचे राजकारण शिकवत. त्यासाठी चिनी भाषा शिकलेले होते.

घरही तसेच. पत्नी कालिंदीताई स्त्री चळवळीत, मुलगी अश्विनी अर्थशास्त्राच्या प्राध्यापक, मुलगा सुधन्व पथनाट्य आणि प्रकाशनाच्या क्षेत्रात. जेवणाच्या ताटावर राजकारण वाढले जाणारे हे घर. महात्मा फुल्यांवरील त्यांचे ‘सत्यशोधक’ हे नाटक सुधन्व यांनीच ‘जन नाट्य मंच’साठी हिंदीत दिग्दर्शित केले.

नोकरीच्या अखेरच्या वर्षांत आणि निवृत्तीनंतर गो. पु. अधिकाधिक मराठी विचारविश्वाकडे वळले. फुल्यांच्या निवडक लेखनाचा इंग्रजी ग्रंथ त्यांनी २००२ मध्ये संपादित केला. फुले, विनोबा आणि सावरकर या तिघांच्या विचारांवरचे पुस्तक २००९ मध्ये आले. एकमेकांशी न पटणारी ही तीन माणसे एकाच पुस्तकात बसवणे, हा खास शिक्षकाचा धीर! उत्तरायुष्यात ते पुण्यात राहिले. २०१२ मध्ये अतुल पेठे यांनी पुण्यातील सफाई कामगारांना घेऊन ‘सत्यशोधक’ मराठीत उभे केले. झाडू हाती घेणाऱ्या माणसांच्या तोंडून फुल्यांचे विचार ऐकायला मिळाले. एखाद्या प्राध्यापकाला याहून मोठा वर्ग कोणता मिळणार? पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, गो. पु. गेले.

ज्यांनी माणसे घडवली

सगळेच प्राध्यापक ग्रंथ लिहितात असे नाही. पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागातील प्रा. राम बापट यांनी लिहिले थोडे, बोलले मात्र उदंड. त्यांचा श्रोतृवर्ग विद्यापीठापुरता नव्हता. चळवळीतले कार्यकर्ते, नाटकवाली तरुण मंडळी, लेखक असे सगळेच त्यांच्याकडे शंका घेऊन येत. २०१२ मध्ये ते गेले, तेव्हा कितीतरी क्षेत्रांतील माणसांनी ‘आमचे सर गेले’ असे म्हटले. छापील पुस्तकांच्या यादीवरून ज्यांचे मोल करता येत नाही, अशांपैकी ते एक.

मुंबईत उषा मेहतांचे उदाहरण वेगळ्या जातीचे. १९४२ च्या लढ्यात गुप्त रेडिओ केंद्र चालवल्याबद्दल त्यांनी येरवड्याच्या तुरुंगात शिक्षा भोगली. सुटकेनंतर पुन्हा पुस्तके उघडली, गांधीजींच्या राजकीय आणि सामाजिक विचारांवर पीएच. डी. केली आणि विल्सन कॉलेजात व मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवले. १९८० मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यानंतरची वीस वर्षे मणिभवन आणि गांधीविचाराचे काम हाच त्यांचा वर्ग होता. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. ऑगस्ट २००० मध्ये अंगात ताप असताना त्या क्रांतिदिनाच्या कार्यक्रमाला गेल्या आणि दोनच दिवसांनी, ११ ऑगस्टला, त्यांनी जगाचा निरोप घेतला.

‘आमचे नाव काढून टाका’

निवृत्तीनंतर शिक्षकाच्या नावाचे काय होते, हा प्रश्न मात्र सर्वांत तीव्रपणे उभा राहिला तो प्रा. सुहास पळशीकर यांच्या बाबतीत. पुणे विद्यापीठात दीर्घकाळ राज्यशास्त्र शिकवलेले आणि ‘लोकनीती’च्या निवडणूक अभ्यासांमुळे देशभर ओळखले जाणारे पळशीकर, योगेंद्र यादव यांच्यासह एनसीईआरटीच्या नववी ते बारावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांचे मुख्य सल्लागार होते. दिल्लीत श्री अरविंद मार्गावर, सरोजिनी नगरपासून फार लांब नसलेल्या जागेत या संस्थेचे कार्यालय आहे. २००६ पासून आलेली ही पुस्तके वेगळी होती. त्यांत व्यंगचित्रे होती, उन्नी-मुन्नी ही प्रश्न विचारणारी पात्रे होती. नुसते पाठ करू नका, विचारा, असे ती मुलांना सांगत.

त्यातल्याच एका व्यंगचित्राने २०१२ मध्ये वादळ उठवले. राज्यघटना तयार होण्यास लागणाऱ्या वेळेवर शंकर यांनी १९४९ मध्ये काढलेले ते चित्र. त्यात डॉ. आंबेडकरांचा अवमान होतो, असा आक्षेप संसदेत घेतला गेला. दोन्ही सल्लागारांनी राजीनामे दिले. दुसऱ्याच दिवशी पुणे विद्यापीठातील पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली.

पुढे ते निवृत्त झाले. पुस्तके मात्र चालूच होती, आतल्या पानांवर दोघांच्या नावांसह. नंतरच्या वर्षांत त्यांतील बराच मजकूर वगळला गेला. जून २०२३ मध्ये दोघांनी एनसीईआरटीला पत्र लिहिले की, ही पुस्तके आता ओळखू येत नाहीत, त्यांवरून आमची नावे काढा. ती पुस्तके तयार करण्यात सहभागी झालेल्या इतर ३३ अभ्यासकांनीही तशीच मागणी केली. संस्थेचे म्हणणे असे की, पुस्तकांचा स्वामित्वहक्क तिचा आहे आणि नावे ही केवळ योगदानाची नोंद आहे.

कोणाचे बरोबर, यावर वाचकांचे दुमत होईल. पण एरवी माणसे आपले नाव छापून यावे म्हणून धडपडतात. येथे निवृत्त शिक्षक आपले नाव काढावे म्हणून पत्र लिहितात, कारण ते पुस्तक वाचणारे मूल आजही आपले विद्यार्थी आहे असे त्यांना वाटते. खुर्ची सुटली तरी नाव सुटत नाही, ते असे.

घरच्यांनी काय करावे?

आपल्या घरातही एखादे निवृत्त ‘सर’ किंवा ‘मॅडम’ असतील. ते नामवंत नसतील, एखाद्या तालुक्याच्या कॉलेजात तीस वर्षे ‘नागरिकशास्त्र’ शिकवून घरी आलेले असतील. मोठ्या घरातून दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आल्यावर पहिली कुऱ्हाड पडते ती त्यांच्या पुस्तकांवर. रद्दीवाल्याला बोलावण्याआधी त्यांनाच बसवून निवड करून घ्यावी. ठेवायची कोणती, गावच्या वाचनालयाला द्यायची कोणती, जुन्या विद्यार्थ्याला द्यायची कोणती. आपल्या हाताने दिलेल्या पुस्तकाचे दुःख होत नाही.

टीव्हीवरच्या चर्चेवर ते तावातावाने बोलू लागले, तर ‘आता तुम्हाला काय करायचंय?’ असे म्हणू नये. तेच तर त्यांनी आयुष्यभर केले आहे. त्यापेक्षा नातवाला त्याचे नागरिकशास्त्राचे पुस्तक घेऊन त्यांच्यापुढे बसवावे. राज्यसभा कशाला हवी, राज्यपाल काय करतात, असे प्रश्न विचारू द्यावेत. स्पर्धा परीक्षा देणारी शेजारची मुलेही अशा शिक्षकाच्या शोधात असतात.

आणि ज्यांनी कधी काळी अशा एखाद्या सरांच्या वर्गात बसून जग नव्याने पाहिले असेल, त्यांनी त्यांचा आजचा पत्ता शोधावा. जुना पत्ता कदाचित चालणार नाही, कारण क्वार्टर कधीच सुटलेले असते. मात्र दार उघडल्यावर पहिला प्रश्न बहुधा ओळखीचाच येईल, ‘सध्या काय वाचतोस?’