तारखांच्या वाटेने डनकडे

जॉन डनच्या पुनरुज्जीवनाची हकिगत सांगताना दोन नावे ठरलेली असतात: १९१२ साली त्याच्या कवितांची चिकित्सक आवृत्ती काढणारे हर्बर्ट ग्रिअर्सन आणि १९२१ मध्ये डनच्या परंपरेतल्या कवींवर निबंध लिहिणारे टी. एस. एलियट. कवी डनपुरती ही हकिगत खरी आहे. पण १६१५ मध्ये दीक्षा घेतल्यापासून १६३१ साली मृत्यू येईपर्यंत डन धर्मोपदेशक होता, शेवटची दहा वर्षे तर लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचा डीन. हा दुसरा डन आपल्याला सलग वाचता येतो तो मुख्यतः एव्हलिन सिम्प्सन (१८८५–१९६३) यांच्यामुळे. त्यांचे काम संपादकीय हमाली म्हणून बाजूला ठेवले जाते. माझ्या मते ती समीक्षाच होती.

सिम्प्सनबाई केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात शिकल्या, त्या काळी ते विद्यापीठ स्त्रियांना पदवी देत नव्हते. पहिल्या महायुद्धात त्यांनी परिचारिका म्हणून काम केले आणि त्या अनुभवांवर पुस्तकही लिहिले. ऑक्सफर्डने १९२० मध्ये स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या, आणि १९२२ मध्ये तिथली डी.फिल. मिळवणारी पहिली स्त्री त्या ठरल्या. विषय होता डनचे गद्य. प्रबंधाचे पुस्तक १९२४ मध्ये आले. दरम्यान बेन जॉन्सनचे संपादक पर्सी सिम्प्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. अकरा खंडांच्या त्या जॉन्सन-आवृत्तीत उत्तरार्धातल्या खंडांवर त्यांचे नाव येते, तेही तिसरे. मदतनीस हा शिक्का बसायला एवढे पुरेसे होते.

खरे काम आयुष्याच्या उत्तरार्धात झाले. बर्कलीचे जॉर्ज पॉटर यांच्यासह त्यांनी डनची १६० प्रवचने १९५३ ते १९६२ या काळात दहा खंडांत प्रसिद्ध केली. पॉटर १९५४ मध्येच वारले आणि उरलेले ओझे बाईंनी उचलले. १६४०, १६४९ आणि १६६१ च्या जाडजूड फोलिओंत ही प्रवचने प्रामुख्याने सण आणि प्रसंग यांनुसार लावलेली होती. नाताळची एकत्र, ईस्टरची एकत्र. मधली वर्षे गायब. १९१९ मध्ये लोगन पिअर्सल स्मिथ यांनी झळाळते उतारे वेचून एक पुस्तक केले, आणि बऱ्याच वाचकांसाठी डनची प्रवचने म्हणजे तेच वेचे झाले. १९२६ मध्ये एलियटने धर्मोपदेशक लॅन्सलॉट अँड्र्यूजला डनच्या वर बसवले, तेव्हा वादाच्या पार्श्वभूमीला हेच पुस्तक होते. मृत्यूवरचे वाक्य आसपासच्या बायबलच्या विवरणातून उपटले की बोलणारा आत्ममग्न वाटणारच. सिम्प्सन आणि पॉटर यांनी पूर्ण संहिता दिली, हस्तलिखिते छापील पाठाशी ताडली आणि सगळे कालक्रमाने मांडले. सुरुवातीचा लिंकन्स इनच्या वकिलांपुढे बोलणारा उपदेशक आणि १६३१ मध्ये राजदरबारात अखेरचे प्रवचन करणारा आजारी डीन यांच्यातले अंतर त्यामुळे पानांवर मोजता येऊ लागले. अनुक्रम लावणे हाच इथे अर्थ लावणे होते.

आक्षेप दोन आहेत, आणि दोन्ही वजनदार आहेत. १६२५ च्या प्लेगात चेल्सीला अडकलेल्या डनने जुन्या टिपणांवरून कितीतरी प्रवचने पुन्हा लिहून काढली. मग प्रवचनाची तारीख हीच लेखनाची तारीख कशी मानायची? मानता येत नाही, हे खरे. शिवाय अनेक प्रवचनांवर तारीखच नाही. तिथे क्रम अनुमानाचा आहे. पण अनुमान कशावर उभे आहे हे संपादकांनी प्रस्तावनांत मांडले आहे, म्हणून ते खोडताही येते. दुसरा आक्षेप नव्या ऑक्सफर्ड आवृत्तीच्या रचनेतच आहे. पीटर मॅककलो यांच्या नेतृत्वाखालची ही आवृत्ती प्रवचने स्थळानुसार लावते, कारण दरबारातला श्रोता वेगळा आणि सेंट पॉल्समधला वेगळा. कालक्रमात हा श्रोता धूसर होतो आणि सगळा प्रकाश बोलणाऱ्याच्या मनावर पडतो. मला हा आक्षेप पटतो. पहिल्यापेक्षा जास्त पटतो. मात्र अमुक प्रवचन दरबारात झाले एवढ्याने भागत नाही. ते राजा जेम्सपुढे झाले की राजा चार्ल्सपुढे, यावर त्यातल्या शब्दांचे राजकारण ठरते, आणि तिथे पुन्हा तारखेकडेच यावे लागते.