संध्याकाळी येते म्हणून सांग

कुंभिवलीत रात्रीपासून पाऊस धरून आहे. ताईंच्या पाळणाघराच्या पडवीत दीड वर्षांची एक नवी पोर आईच्या ओढणीला लटकून रडतेय. आईला कंपनीची बस गाठायचीय. ती पोरीच्या हातात बिस्किट देते आणि मागच्या दाराकडे सरकते.

"लपून जाऊ नको गं," ताई तिला अडवतात. "संध्याकाळी येते म्हणून सांग तिला. रडेल, रडू दे. फसवलंस तर उद्या ती माझ्याकडंही यायची नाही."

आई खाली बसते, पोरीला सांगते आणि डोळे पुसत निघते. पोर आणखी मोठ्यानं रडते. ताई तिला काखेत घेऊन फिरतात, गप्प हो म्हणत नाहीत. थोड्या वेळानं ती त्यांच्या बांगड्या वरखाली करू लागते. मुलं सांभाळणं म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

भिंतीवर चौकटीत एक कागद आहे, दुकाने व आस्थापना कायद्याखालची पोचपावती. मोजकेच कामगार असले की 2017 च्या राज्य कायद्याप्रमाणे फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. ताईंनी ती दिली आहे. पण बाळ कुठं झोपतं, किती बाळांमागं किती हात, औषध कोण देतं, हे त्या कागदाला ठाऊक नाही. ते नियम ताईंनी स्वतःचे स्वतः केलेत. औषधाच्या बाटलीवर नाव आणि वेळ आईच्या अक्षरात हवी. ताप असेल तर मूल घरी. आणि दिवसभर दार उघडं, कुणीही केव्हाही डोकवावं. 2016 मध्ये याच रायगड जिल्ह्यात, खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण सीसीटीव्हीत दिसली होती. ताई तो विषय स्वतःहून काढतात. "माझ्या दाराला दिवसा कडी नाही," म्हणतात.

साडेदहाला मोठी दोन मुलं अंगणवाडीत जातात, दुपारी भूक घेऊन परत येतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला शिक्षण मुलांच्या अंगणापर्यंत नेलं. 2 ऑक्टोबर 1975 पासून एकात्मिक बालविकास योजनेनं अंगणवाडी गावोगाव पोचवली. पण अंगणवाडी दुपारी सुटते आणि जनरल शिफ्ट संध्याकाळी. मधले तास या घराच्या अंगावर येतात. 2022 पासून केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. कारखाने असलेल्या प्रत्येक गावाला ती जोड आधी मिळायला हवी.

स्वयंपाकघरात मऊ भात रटरटतोय. आठ महिन्यांच्या बाळाला ताई वाटी-चमच्यानं दूध पाजतात, आईनं पहाटे काढून ठेवलेलं. 2017 च्या दुरुस्तीनं मातृत्व लाभ कायद्यात 50 किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झालं, आईला दिवसातून 4 वेळा बाळाकडं जायची मुभा मिळाली. या बाळाची आई छोट्या युनिटमध्ये पॅकिंग करते. तिथं पन्नास माणसंच नाहीत. चार भेटी सोडा, तिला एकही मिळत नाही. तिच्या छातीत दूध दाटतं तेव्हा ती कुठं जाते, हे विचारायला माझी जीभ रेटत नाही.

जेवणं होतात. झोळी कुरकुरते. ताई आता पहिल्यांदाच ताटावर बसल्यात, तेवढ्यात एक माणूस भिजत पडवीत येतो. पुतण्याला न्यायचंय.

ताई उष्ट्या हातानंच नोंदवही उघडायला सांगतात. मी पान काढते. न्यायला येणाऱ्यांत आई आणि आजी, दोनच नावं.

"अहो, मी सख्खा काका. पोरगं मला ओळखतंय की!"

पोरगं खरंच हसतंय. ताई आईला फोन लावायला लावतात, तो लागत नाही. कामावर मोबाइल गेटवर जमा असतो.

"मग तिची सुट्टी होईपर्यंत बसा काका," ताई हात धुवायला उठतात. "चहा टाकते."