वृद्धांची एंडोस्कोपी : गुंगी हवी, पण श्वास सांभाळून

सत्तरी ओलांडलेल्या वडिलांना महिनाभर अन्न जात नाही. जेवल्यावर पोटात जळजळते, वजनही उतरले आहे. डॉक्टर सांगतात, ‘‘एकदा एंडोस्कोपी करून घेऊ.’’ घशातून नळी घालणार म्हटल्यावर वडील धास्तावतात. मुलगा डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणतो, ‘‘त्यांना काही कळता कामा नये. पूर्ण झोपवूनच करा.’’

मायेपोटी केलेली ही विनंती अनेक घरांतून येते. पण वयस्कर माणसाच्या बाबतीत नळीपेक्षा जास्त जपावे लागते ते या झोपेला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

नळी आली कुठून?

ही लवचीक दुर्बीण घडवण्यात एका भारतीयाचाही वाटा आहे. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि लंडनमधील त्यांचे मार्गदर्शक हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ साली दाखवून दिले, की काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेता येते, मग ते जुडगे वाकलेले का असेना. त्यांचा लेख वाचून बॅसिल हर्शोविट्झ या डॉक्टरांनी अमेरिकेत अशी नळी बनवली आणि १९५७ मध्ये ती प्रथम स्वतःच्याच घशातून खाली उतरवली. आज नळीच्या टोकाशी छोटा कॅमेरा असतो आणि पोटाचा अंतर्भाग पडद्यावर स्वच्छ दिसतो. जठराची तपासणी बहुधा काही मिनिटांतच उरकते. मोठ्या आतड्याच्या तपासणीला, म्हणजे कोलोनोस्कोपीला, जास्त वेळ लागतो.

गुंगीत काय घडते?

गुंगीसाठी बहुधा मिडाझोलम, फेंटानिल किंवा प्रोपोफॉल ही इंजेक्शने वापरतात. मन शांत करतानाच ही औषधे मेंदूतील श्वासाच्या केंद्रालाही सुस्त करतात. श्वास उथळ होतो, त्याची गती मंदावते. घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि हवेची वाट अरुंद होते. त्यातच जठराची नळीही त्याच घशातून जात असते. तपासणीसाठी पोटात भरलेल्या वायूमुळे छातीखालचा पडदा वर ढकलला जातो, तेव्हा फुप्फुसांना पसरायला जागा आणखी कमी उरते.

तरुण शरीर हे सहज पेलते. म्हातारपणी मात्र छातीचा पिंजरा ताठर झालेला असतो, फुप्फुसांची लवचीकता कमी झालेली असते. रक्तातील प्राणवायू उतरला की जोराने श्वास घेण्याची शरीराची सवयही मंदावते. यकृत आणि मूत्रपिंडे औषध सावकाश बाहेर टाकतात. रक्ताभिसरण संथ असल्याने औषधाचा परिणाम दिसायलाही उशीर होतो. ‘अजून गुंगी आली नाही’ म्हणून घाईने दुसरा डोस दिला, तर थोड्या वेळाने दोन्ही डोस एकदम अंगावर येतात. म्हणूनच वृद्धांना औषध कमी, हळूहळू आणि मध्ये थांबून द्यायचे, असा नियम आहे.

बोटावरचा पहारेकरी

२०२०-२१ च्या करोनाच्या साथीत ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचला. त्यामागचे तत्त्व १९७४ साली जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी मांडले. लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, असे दोन प्रकाश बोटातून जातात. प्राणवायूने भरलेले रक्त आणि रिते रक्त हे प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. त्यावरून रक्तात किती टक्के प्राणवायू आहे याचा हिशेब यंत्र मांडते.

साधारणपणे ९५ किंवा त्याहून अधिक आकडा चांगला मानतात. वयस्करांत तो थोडा कमीही असू शकतो. ९० ही धोक्याची रेषा. त्याखाली घसरण एकदम वेगाने होते. घाटात उतार अचानक तीव्र व्हावा तशी! हृदय आधीच कमकुवत असेल तर अशी घसरण त्याला झेपत नाही. ठोके अनियमित होऊ शकतात.

मात्र हा पहारेकरी थोडा उशिरा जागा होतो. श्वास थांबल्यानंतर बोटावरचा आकडा उतरायला वेळ लागतो. नाकाला प्राणवायू लावलेला असेल तर तो आणखी उशिरा उतरतो. म्हणून पडद्याबरोबरच रुग्णाच्या छातीची हालचाल पाहत राहणारे माणूस हवे. कॅप्नोग्राफ हे यंत्र बाहेर पडणाऱ्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजते आणि श्वास अडल्याचे आधी सांगते. जास्त गुंगी द्यायची असेल तेव्हा त्याचा फार उपयोग होतो. नेलपॉलिश, बोटांच्या टोकांवरची गडद मेंदी किंवा गारठलेले हात यांमुळे आकडा चुकू शकतो. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते, हेही ध्यानात ठेवायला हवे.

चांगल्या केंद्रात काय दक्षता घेतात?

गुंगी देण्याआधीच नाकातल्या नळीने प्राणवायू सुरू करतात. हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. मिनिटाला दोन लिटर दिल्यास श्वासात जाणारे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांपर्यंत वाढते. जोखीम जास्त असेल तिथे उबदार, दमट प्राणवायू मोठ्या वेगाने देणारे यंत्रही वापरतात. जुनाट दम्यासारख्या विकारात मात्र जास्त प्राणवायूही बाधतो. धूम्रपानामुळे जडलेल्या सीओपीडीच्या रुग्णांत आकडा ८८ ते ९२ च्या दरम्यान राखण्याकडे कल असतो.

आकडा उतरू लागला तर औषध थांबवून रुग्णाला हाक मारतात, दीर्घ श्वास घ्यायला लावतात, हनुवटी वर उचलून जबडा पुढे आणतात. गरज पडल्यास नळी बाहेर काढून मास्कने श्वास देतात. मिडाझोलम आणि फेंटानिल यांना उतारा आहे, प्रोपोफॉलला नाही. त्यामुळे प्रोपोफॉल देताना श्वास सांभाळण्यात तरबेज असलेला भूलतज्ज्ञ जवळ असणे चांगले.

प्रत्येकाला गाढ गुंगी लागतेच असेही नाही. घसा बधिर करणारा फवारा मारून जठराची तपासणी पुष्कळदा व्यवस्थित होते. काय होणार हे नीट समजावून सांगितले, कुणी हात धरून उभे राहिले, तर अनेक आजी-आजोबा ती धीराने करून घेतात.

घरच्यांनी काय करावे?

• रात्री मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडणे, जिना चढताना धाप, जुना खोकला, विडी-सिगारेट, दारू, झोपेच्या गोळ्या : डॉक्टरांना सर्व सांगावे. संकोचाने दडवलेली गोष्टच ऐन वेळी घात करते.
• मधुमेहाच्या, रक्त पातळ करणाऱ्या आणि वजन घटवणाऱ्या औषधांची यादी न्यावी. त्यातले काय बंद ठेवायचे ते डॉक्टरच ठरवतील. मनाने काही बंद करू नये.
• उपाशी राहण्याची वेळ काटेकोर पाळावी. हलक्या खाण्यानंतर साधारण सहा तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास, असा सर्वसाधारण नियम आहे. ‘फक्त अर्धा कप चहा’ दिला तर लपवू नये. गुंगीत उलटी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते.
• कवळी आणि सैल दात यांची कल्पना द्यावी. नेलपॉलिश पुसून जावे.
• विचारायला कचरू नये : गुंगी कोण देणार? प्राणवायू लावणार ना? श्वासाकडे लक्ष ठेवायला वेगळे माणूस आहे का?

घरी आल्यावर

नळी निघाली म्हणजे धोका टळला, असे नाही. नळीची टोचणी थांबते, पण औषध अंगात असते. त्यामुळे पुन्हा गुंगी चढू शकते. आकडा स्थिर राहून माणूस पुरता जागा होईपर्यंत निघण्याची घाई करू नये. घसा बधिर असेतो पाणीही देऊ नये. त्या दिवशी सोबतीला कुणी तरी असावे, कारण रात्री उठताना तोल जाण्याची भीती असते. २४ तास गाडी चालवणे आणि महत्त्वाच्या कागदांवर सह्या करणे टाळावे. श्वास लागला, खूप पोट दुखले, रक्ताची उलटी किंवा काळी शौचास झाली, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.

या भीतीने तपासणीच टाळणे मात्र चुकीचे ठरेल. वेळीच केलेल्या एंडोस्कोपीमुळे व्रण, रक्तस्राव किंवा कर्करोगासारखे आजार लवकर सापडतात. तेव्हा मुलाने डॉक्टरांना ‘पूर्ण झोपवा’ असे सांगण्याऐवजी विचारावे, ‘‘बाबांना किती गुंगी पुरेल? आणि ते गुंगीत असताना त्यांच्या श्वासाकडे कोण पाहणार?’’ वडिलांची खरी काळजी या दोन प्रश्नांत आहे.